उचल घेण्याआधी: ऊसतोडीच्या गावात लेकरं शाळेत कशी टिकवायची

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरातल्या एका वस्तीवर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत १७ वर्षं शिकवते आहे. दसरा सरला की आमच्याकडे ऊसतोडीला निघायच्या गाड्या लागतात. ट्रॉलीत आधी जळण, ताडपत्र्या, पिठाचे डबे, शेळी, कोंबड्यांचं खुराडं चढतं, मग माणसं, आणि सामानाच्या वर लेकरं. माझ्या पहिल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून मी शाळा उघडली, तेव्हा ८६ च्या पटावर ३९ लेकरं हजर होती. तिसरीत चार. फळ्यावर तारीख लिहिली आणि पुढे काय लिहावं ते सुचेना.

गेल्या हंगामात आमच्या शाळेतून सात लेकरं गेली. बाकीची वस्तीवर राहिली, जेवली, शिकली. आजूबाजूच्या गावांतले शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, एखादा नवा सरपंच विचारतो, "बाई, हे जमवलं कसं?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. ज्या गावातून माणसं वीटभट्टीला, द्राक्षबागांना, मासेमारीला जातात, तिथंही यातलं बरंचसं लागू पडेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. लेकरू जाणार की राहणार हे गाडी भरताना ठरत नाही, उचल घेताना ठरतं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम, म्हणजे टोळी जमवून कारखान्याला नेणारा ठेकेदार, आखाडापासून दसऱ्यापर्यंत कोयत्यांना उचल वाटतो, म्हणजे हंगामाचे पैसे आगाऊ देतो. त्या पैशातून दवाखान्याचं देणं फिटतं, खत येतं, बहिणीचं लग्न होतं. उचल घरात आली त्या रात्रीच आई मनात मांडणी करते: धाकटं कडेवर, मोठी पोरगी त्याला सांभाळायला, मधला कुठं ठेवायचा? आपण नोव्हेंबरात जाऊन "लेकरू ठेवा हो" म्हणालो तर तिची मांडणी मोडून तिच्या हाती काहीच देत नाही. म्हणून काम जूनमध्ये सुरू करायचं.

जूनमधली वही

शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात घरोघर फिरा. संगणकावर माहिती भरावी लागतेच, पण ही वही वेगळी. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, एका घराला एक पान. त्यात काय लिहायचं ते सांगते: घरातून कोण कोण जाणार, मागच्या वर्षी कोणत्या कारखान्याला होते, मुकादम कोण, मागे घरी कोण राहणार, त्या माणसाचं वय आणि तब्येत, घरात तीन वर्षांखालचं लेकरू आहे का, आणि फोन कुणाकडे आहे.

तीन वर्षांखालच्या लेकराचा रकाना मी चौथ्या वर्षी घातला. तोवर मला वाटायचं की पोरी ऊस तोडायला नेतात. मग एका जानेवारीत मी रजा टाकून कोल्हापूर भागात एका कारखान्याच्या तळावर गेले. ऊसाच्या पाचटाच्या कोपी म्हणजे झोपड्या, पुढं चूल, आणि कोपीच्या तोंडाशी माझी चौथीतली विद्यार्थिनी मांडीवर आठ महिन्यांचा भाऊ घेऊन बसलेली. आईबाप पहाटे तीनला ऊसाच्या फडात तोडणीला गेले होते. तिनं भाकरी करून ठेवली होती, भावाला पेज पाजली होती, आणि पाचटाच्या काडीनं मातीत माझं नाव लिहून दाखवलं. कोयत्याला तिनं हातही लावला नव्हता. तिला नेलं होतं ते त्या तान्ह्यासाठी.

तेव्हापासून मी मोठ्या पोरीबद्दल बोलण्याआधी तान्ह्याबद्दल बोलते. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं. पोरी शाळेत येत नाहीत, कारण कडेवर भावंडं आहेत. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका जागी आणली, तिला विकासवाडी म्हटलं. गुरं राखणाऱ्या लेकरांसाठी कुरणातच शाळा भरवली. आमच्या वस्तीवर पाळणाघर नाही. तीन वर्षांवरचं लेकरू अंगणवाडीत बसतं. त्याहून लहान असेल तर आजी किंवा चुलती सांभाळेल का, हे जूनमध्येच विचारायचं. अंगावर पिणारं असेल तर ते आईबरोबर जाणारच. मग पोरीऐवजी दुसरं कोण जाईल? एखाद्या टोळीत म्हातारी आत्या असते, ती चार कोपींची तान्ही एकत्र सांभाळू शकते. आमच्या दोन टोळ्यांनी हे केलं. प्रत्येक कोपीनं त्या आत्याला हंगामाला थोडे पैसे आणि रोजचं जेवण दिलं, आणि पाच पोरी शाळेत राहिल्या.

आईशी कधी आणि कसं बोलायचं

चारचौघांत बोलू नका. ही चूक मी केली आहे. पालकसभेत एका आईला उभं करून म्हणाले, "तुमची मुलगी हुशार आहे, तिला ठेवा." ती खाली मान घालून "हो" म्हणाली आणि त्या वर्षी मुलीला घेऊन गेली. नंतर तिनंच सांगितलं, "बाई, तुम्ही सगळ्यांपुढं इचारलं, मग मी न्हाई कशी म्हणू? पर सासू आजारी हाय, हे तिथं कसं सांगावं?"

संध्याकाळी, भाकरी थापायच्या वेळी जा. चुलीपाशी बसा. प्रश्न एकच विचारा: "ठेवायचं म्हटलं तर अडचण कोणती?" मग गप्प बसा. आमच्याकडे पुन्हा पुन्हा निघालेल्या अडचणी अशा: रात्री ताप आला तर कोण नेणार, म्हातारीला चूल होत नाही, पोरगी वयात आली आहे, आणि लेकराशिवाय मन लागत नाही. शेवटचीला उत्तर नाही, तिथं नुसतं ऐकायचं. बाकीच्यांना उत्तर आहे, आणि ते उचल हाती पडण्याआधी द्यायचं.

मुकादमालाही टाळू नका. पुष्कळ शिक्षक त्याच्याशी बोलत नाहीत, मीही बोलत नसे. पण कोणती गाडी कधी निघणार, कोणत्या कारखान्याला जाणार, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आम्ही १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला वस्तीतल्या तिन्ही मुकादमांना बोलावतो. एवढंच मागतो की गाडीची तारीख आठ दिवस आधी कळवा, आणि फडातून आईबापांशी बोलणं करून द्या.

आज्यांची सभा

हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि सरकारी कागदात ते कुठंच नाही. लेकरू मागे राहतं म्हणजे आजीपाशी राहतं. पाच-सहा महिने ती साठ-सत्तरीची बाई त्याची आई असते. तिला विचारल्याशिवाय तिच्या पदरात तीन नातवंडं टाकायची, हे बरोबर नाही.

पोळ्याच्या आसपास आम्ही शाळेत फक्त आज्यांना बोलावतो. सून नाही, लेक नाही. सतरंजी, चहा, आणि बोलायला त्या. पहिल्या सभेत एक आजी म्हणाली, "नातू ठेवीन. नात बारकी हाय तवर ठेवीन. शहाणी झाली की माझ्याच्यानं जोखीम व्हायची न्हाई. रातीला कुणी दार वाजवलं तर मी काय करू?" सगळ्या गप्प झाल्या, कारण तीच भीती सगळ्यांची होती.

त्यावर आम्ही जे केलं ते सांगते. सातवीच्या पुढच्या पोरी असलेल्या चार आज्यांनी एकाच घरी, एकाच खोलीत झोपायचं. दाराला आतून लोखंडी अडसर. गल्लीच्या तोंडाला ग्रामपंचायतीचा दिवा. शेजारच्या दोन घरांतल्या माणसांची नावं ठरवून, त्यांचे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतले, कारण आजीला फोनमधलं नाव वाचता येत नाही, पण भिंतीवरचा आकडा बघून नात लावू शकते. गावाच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी आठवड्यातून दोनदा त्या घरांवरून जायचं. यातल्या कशालाही मोठा पैसा लागला नाही.

आज्यांची दुसरी भीती अभ्यासाची. "मला अक्षर येत न्हाई, मी काय शिकवू?" त्यांना मी एवढंच सांगते की लेकराला रोज संध्याकाळी तुमच्यापुढं बसवून मोठ्यानं वाचायला लावा, आणि गोष्ट कळली नाही तर "मला कळंल असं सांग" म्हणा. लेकरू समजावून सांगायला लागलं की त्याला ते आलं.

समिती कागदावर ठेवू नका

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. आमच्यासारख्या गावात अडचण अशी की ऑक्टोबरात निम्मी समितीच ऊसाला जाते. अध्यक्ष फडात, मुख्याध्यापक सचिव एकटे, आणि सहीसाठी वही घेऊन गावभर फिरणं.

कायद्याचे शब्द नीट वाचा. तिथं आईवडील किंवा पालक असं म्हटलं आहे, आणि ज्याच्या ताब्यात आणि सांभाळात लेकरू आहे तो पालक. म्हणजे आजी-आजोबाही सदस्य होऊ शकतात. आमच्या समितीत आता चार आज्या आहेत. समिती निवडतानाच पाहा की हंगामात गावात राहणारे सदस्य सभा चालवण्याइतके असतील.

या समितीनं सप्टेंबरातच हंगामी वसतिगृहाचा ठराव करायचा. हंगामी वसतिगृह म्हटलं की लोकांना इमारत वाटते. आमच्याकडे तसं नाही. लेकरं आपल्या घरी आजीजवळ झोपतात, आणि सकाळचं व रात्रीचं जेवण शाळेत एकत्र होतं. दुपारी पोषण आहार असतोच. ठरावासोबत लेकरांची यादी, पालकांचं स्थलांतराचं लेखी म्हणणं आणि मागे राहणाऱ्या माणसाचं नाव जोडा. जूनची वही इथं कामाला येते, एका दिवसात यादी तयार. प्रस्ताव केंद्रप्रमुखांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. पोच घ्या, तारीख टाकून घ्या.

मंजुरी आणि पैसा वेळेवर येईल असं धरून चालू नका. एका वर्षी आमचं बिल फेब्रुवारीपर्यंत आलं नाही, आणि जानेवारीत किराणा दुकानदारानं उधारी बंद केली. त्याचा दोष नव्हता, त्यालाही देणं होतं. त्या रात्री ४४ लेकरांना आम्ही कण्या शिजवून घातल्या. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाच्या बायकांनी घरोघर टोपली फिरवली. बाजरी, तूरडाळ, शेंगदाणे, कुणी दोन भोपळे. तेव्हापासून आम्ही सुगीतच धान्य जमवतो. प्रत्येक घर पायली-दोन पायली देतं, जाणारी घरंही देतात. ते कोठीत ठेवून समितीच्या दोन बायकांकडे किल्ली. सरकारी पैसा आला की त्यातून तेल, मीठ, भाजी आणि बायकांचं मानधन. धान्य गावाचं असलं की गाव चव घ्यायला येतं, आणि चव घ्यायला येणारं गाव शाळेकडे लक्ष देतं.

शिक्षकांसाठी एक सूचना. पट ३० सप्टेंबरचा धरला जातो, आणि शिक्षकांची संख्या त्यावर ठरते. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या ६० पर्यंतच्या पटाला दोन शिक्षक. त्या तारखेला लेकरं गावात असतात म्हणून निर्धास्त राहून नोव्हेंबरात रिकाम्या वर्गाकडे डोळेझाक करणारी शाळा मी पाहिली आहे. गाव हे विसरत नाही.

ग्रामसभेत विषय आणा

२ ऑक्टोबरची ग्रामसभा गाड्या निघण्याआधीची शेवटची. त्या दिवशी माणसं गावात असतात. विषयपत्रिकेत "स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांची व्यवस्था" हा विषय आठवडाभर आधी लेखी देऊन घाला. मागणी मोजकी ठेवा. आम्ही पहिल्या वर्षी अकरा मागण्या केल्या, एकही झाली नाही. दुसऱ्या वर्षी दोनच केल्या: गल्लीत आणि शाळेत सौर दिवे, आणि संडासाला पाणी. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून दोन्ही झाल्या. महिला व बालकल्याणासाठी ग्रामपंचायतीला उत्पन्नाच्या १० टक्के खर्च करायचा असतो, त्यातून अभ्यासिकेच्या सतरंज्या आणि पाण्याची टाकी आली.

संध्याकाळचे दोन तास आणि एक फोन

जेवणाआधी सहा ते आठ अभ्यास. दिवसभराच्या शाळेनंतर पुन्हा धडे नकोत. पहिला तास वाचन, दुसरा तास गणित किंवा गोष्टी. दहावी-बारावी झालेली एखादी मुलगी गावात असतेच, तिला बसवा, आणि मानधन द्या. फुकट काम एक महिना टिकतं.

फोनबद्दल थोडं सांगायचं आहे. आईबाप रात्री-अपरात्री गाडी भरतात, त्यांची वेळ त्यांच्या हातात नसते. आधी लेकरं कधीही फोन लागेल म्हणून रात्रभर जागी राहत. मग आम्ही टोळीवार वार लावून दिले. मंगळवारी एका टोळीचा, बुधवारी दुसरीचा, साडेसात ते आठ. टोळीतल्या एकाच्या मोबाईलभोवती सगळे आईबाप जमतात. इकडे प्रत्येक लेकरू आधी तीन ओळी वाचून दाखवतं, मग बोलतं. हे वाचन मी सहज सुरू केलं होतं, शिस्त म्हणून. एकदा एक बाई पलीकडून म्हणाली, "बोलू नगं, वाचच." पोरगा धडा संपेपर्यंत वाचत राहिला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता आणि कुणीतरी हुंदका आवरत होतं. पुढच्या वर्षी तिनं उचल घेण्याआधी शाळेत येऊन मला सांगितलं, की याला ठेवायचं ठरलं आहे.

जी लेकरं जाणारच त्यांच्यासाठी

सगळी राहत नाहीत. आमची सात गेली, त्यांना कारणं होती. त्यांचं नाव पटावरून कमी करू नका. कायद्यानं आठवी पूर्ण होईपर्यंत काढून टाकता येत नाहीच. प्रत्येकाच्या हातात निघताना एक जाड प्लॅस्टिकची पिशवी द्या. त्यात तिकडच्या शाळेत दाखवायचं शिक्षण हमी कार्ड, आधारची झेरॉक्स, पुस्तकं, दोन वह्या, पेन्सिली आणि शाळेचा फोन नंबर लिहिलेला कागद. कोपीत पाणी शिरतं, म्हणून प्लॅस्टिकची.

पालकांना हे वाक्य पाठ करून द्या: "दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही." ६ ते १४ वयाच्या लेकराला तळाजवळच्या कोणत्याही सरकारी शाळेत, वयानुसार वर्गात बसायचा हक्क आहे. मग त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना तुम्ही स्वतः फोन करा. पत्रापेक्षा फोन बरा. नाव, इयत्ता, वाचता किती येतं, टोळी कुठं उतरली, एवढं सांगा. बेळगाव जिल्ह्यात टोळी गेली तर निपाणी, चिकोडी भागात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. कानडी शाळेत लेकरू नुसतं बसून राहतं.

छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, लेकरू शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. आमच्या टोळ्या त्याच मातीत ऊस तोडतात. तिथल्या मुख्याध्यापकांना फोन करताना मी हे आवर्जून सांगते, आणि आजवर एकानंही लेकरू परत पाठवलेलं नाही.

पट्टा पडल्यावर

मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं, आणि टोळ्या परततात. परत आलेलं लेकरू पहिले दोन-तीन दिवस दाराशी उभं राहतं. त्याला "कुठंपर्यंत आलंय?" असं सगळ्यांसमोर विचारू नका. एकट्याला जवळ बसवून वाचून घ्या: अक्षर, शब्द, वाक्य, उतारा. जिथं अडेल तिथून धरा, इयत्ता विसरा. रोज दीड तास असं सहा आठवडे बसवलं की बहुतेक लेकरं वाचायला परत येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीतही सकाळचा वर्ग ठेवावा लागतो. त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

गणित मात्र या लेकरांना कमी येत नाही. ते त्यांच्या घरात पडलेलं असतं. पाचवी ते सातवीला मी उचलीचा हिशेब घालते. समजा उचल १ लाख. टनाला दर ३५० रुपये धरू, जोडी दिवसाला २ टन तोडते. दिवसाचे ७००. उचल फिटायला किती दिवस? लेकरं भागाकार करतात: १४३. हंगाम किती दिवस चालला? १२०. मग कमाई ८४,००० आणि अंगावर राहिले १६,०००. पुढं खाडे धरायचे. आई आजारी पडली ते दहा दिवस वजा करा, वर खाड्याचा दंड लावा.

पहिल्यांदा हे गणित घातलं तेव्हा सहावीतली एक मुलगी उत्तर काढून बराच वेळ पाटीकडे बघत बसली. संध्याकाळी तिनं बापाच्या खिशातल्या वजनाच्या पावत्या काढून जमिनीवर मांडल्या आणि बेरीज केली. मुकादमाच्या वहीत अकरा टन कमी लागले होते. बाप दोन माणसांना घेऊन गेला, पावत्या दाखवल्या, आणि हिशेब दुरुस्त झाला, भांडण न होता. त्यानंतर आमच्या वस्तीवर पावती कुणी चुलीत घालत नाही. आठ-दहा घरांत आता हंगामाचा हिशेब पोरीच ठेवतात. शाळेनं गावाला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी त्या पावत्यांचं सांगते. काही घरांनी उचल कमी घेतली, दोघांनी विहिरीला पाणी लागल्यावर ऊसाला जाणंच सोडलं, कारण किती बुडतं ते आकड्यात दिसलं.

सातवीनंतरच्या पोरी

आमच्याकडे शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा सहा किलोमीटरवर, आणि तिथंच पोरी गळतात. मागे ठेवली तर काळजी, बरोबर नेली तर काळजी. मग लग्न लावून दिलं की एक कोयता तयार होतो. माझी एक विद्यार्थिनी चौदाव्या वर्षी अशी गेली. तुळशीचं लग्न झालं आणि चौथ्या दिवशी तिचं. मला कळलं तेव्हा गाडी निघून गेली होती. तिची वही अजून माझ्या कपाटात आहे.

म्हणून जुलैतच सातवी-आठवीच्या प्रत्येक पोरीचं पान वेगळं काढा. एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो, त्याचे अर्ज पहिल्याच आठवड्यात भरा. मानव विकास कार्यक्रमातल्या, मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या गाडीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळते का ते आगारात जाऊन पाहा. जुळत नसेल तर समितीच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि पाठपुरावा करा. आमची गाडी अर्ध्या तासानं पुढं यायला सात महिने लागले. आठवीपासून सायकल मिळू शकते. तालुक्याला ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह असेल तर प्रवेशाची तारीख चुकवू नका, जागा भरतात.

आणि लग्नाची कुणकुण लागली तर गप्प राहू नका. आपल्याकडे ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) हेच गावातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, अंगणवाडीताई त्यांना साहाय्य करतात. १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरवर कुणीही फोन करू शकतं. पण फोनच्या आधी आजीकडे जा. आमच्या वस्तीवरची तीन लग्नं आज्यांनी थांबवली. त्यातल्या एकीनं आपल्या मुलाला, म्हणजे पोरीच्या बापाला, सांगितलं, "तिला मी सांभाळीन म्हनलं व्हतं. मी अजून मेले न्हाई."

पुढच्या वर्षीची सुरुवात

मे महिन्याच्या शेवटी, पाऊस पडायच्या आत, एक छोटी बैठक घ्या. परतलेले आईबाप, आज्या, स्वयंपाकाच्या बायका, अभ्यास घेणारी मुलगी. कोठीत किती धान्य उरलं, कुणाचं बिल राहिलं, कोणत्या आजीची तब्येत खालावली, कोणत्या लेकराला रात्री भीती वाटायची, हे त्याच दिवशी वहीत उतरवा. जूनमध्ये विसरायला होतं. ज्या आजीला यंदा झेपलं नाही तिला ते बोलू द्या, आणि तिच्या नातवंडांसाठी दुसरं घर तिथंच, तिच्यासमोर ठरवा. मग नवी दोनशे पानी वही काढा आणि पहिल्या पानावर तिचं नाव लिहा.